तुमच्याच गावातल्या एक ताई

नोकरीतले खून आणि दरोडे आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणता कुठल्या ठाण्याचा, हे बायकोला विचारावं लागतं. पण क्रीमच्या एका डबीवरून घडलेला तो प्रकार आजही जसाच्या तसा आठवतो. त्यात कोणी मेलं नाही, चोरी झाली नाही, धड आरोपीसुद्धा नव्हता. तरी एक संसार मोडला आणि मी खुर्चीत बसून तो मोडताना पाहिला. नावं कोणाचीच घेत नाही. या प्रकरणातला सगळा घोळ नाव घेण्यामुळेच झाला होता.

निवृत्ती जवळ आली होती. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला, आटपाडीच्या बाजूला एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून टपाल बघत होतो, तेवढ्यात ठाणे अंमलदार आत आला. कवठे महांकाळहून एक बाई वडिलांना घेऊन आली आहे, सासर आपल्याच हद्दीतलं आहे आणि तिची तक्रार कोणत्या कलमात बसवावी हे त्याला कळत नाही, असं म्हणाला. मी दोघांना आत बोलावलं. बाई तिशीच्या आतली होती. पदर घट्ट धरला होता, पण बोलणं ठाम होतं.

"सायेब, माज्या नणंदेचं लगीन मोडलं. तिच्या पाठीवर पांढरं डाग हायती, ते तिकडच्यांला कळलं. म्याच सांगितलं म्हणून मला माहेरी धाडलंय. म्या न्हाई सांगितलं. कुणी सांगितलं तेवडं शोधून द्या."

"आणि शोधल्यावर तूच निघालीस तर?" मी विचारलं.

"मग मला आत टाका."

तिचे वडील हात जोडून म्हणाले, "आवं सायेब, पोरगी लबाड बोलायची न्हाई. पर जावई ऐकंना. फौजेतला माणूस, रजेवर आलाय. म्हणतोय, जोवर खरं सांगत न्हाईस तोवर उंबरा चढू नगं."

ठाण्यात येणारा माणूस पहिलं वाक्य घरून पाठ करून आणतो. खरं काय ते पुढच्या प्रश्नांत बाहेर पडतं. म्हणून मी तिची उलटतपासणीच घेतली. महिला हवालदार शेजारी बसल्या होत्या. मी एकच गोष्ट फिरवून फिरवून विचारत होतो. तिनं स्वतःहून सांगितलं, की हे स्थळ आधी तिच्या धाकट्या बहिणीला आलं होतं आणि पत्रिका जमली नव्हती. सासरचे त्याच गोष्टीवर बोट ठेवत होते. मनात म्हटलं, हेतू तर हिनंच ताटात वाढून दिला.

"मग राग नव्हता?"

"बहिणीचं लगीन झालं की दुसरीकडं. पोरगं बी झालं तिला. राग कशाचा धरू?"

क्रीमची हकिकत अशी. नणंदेला मोबाइलवर साताऱ्याच्या एका दुकानाची जाहिरात दिसली. सौंदर्यप्रसाधनांचं ऑनलाइन दुकान. पार्लरवाल्यांना लागणारं सगळं सामान तिथं मिळायचं आणि डाग झाकणारं एक क्रीमही. नणंदेचा फोन तिची आई येता-जाता बघायची, म्हणून मागणी या वहिनीच्या फोनवरून केली. नाव, गाव मात्र नणंदेचं. दुकानानं त्वचेची तक्रार काय आहे ते विचारलं, सल्ल्यासाठी पाठीचा फोटोही मागवला. खाली लिहिलं होतं, 'आपली माहिती आमच्याकडे सुरक्षित आहे.' पुढं दर महिन्याला डबी यायची. घरात सांगायचं, केसांचं तेल आहे. पाठीवर हात पोचत नाही, म्हणून क्रीम लावायची ती वहिनीच.

दुपारी हवालदारबाईंना घेऊन मी नणंदेच्या घरी गेलो. जीप लांब उभी केली आणि साध्या कपड्यांत गेलो, नाहीतर त्या पोरीची उरलीसुरली अब्रूही गावभर झाली असती. तिची सासू होणार होती ती बाई साखरपुड्याची साडी परत मागून घेऊन गेली होती. पोरगी भिंतीकडे तोंड करून बोलली.

"लग्नाआधी मीच सांगणार हुते. कसं सांगावं ते जुळवत हुते. वहिनीशिवाय हे कुणालाच ठावं न्हवतं. मग दुसरं कोण सांगंल, तुमीच सांगा."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं. ती आतून विझून गेली होती.

मग आम्ही सातारा जिल्ह्यात नवऱ्यामुलाच्या गावी गेलो. आमच्याकडे लग्न ठरताना मुलीची जेवढी चौकशी होते, तेवढी आम्ही पोलीस खुनाच्या तपासातही करत नाही. मामा, आत्या, गावचा वाणी, शाळेतली मैत्रीण, कोणी सुटत नाही. त्यामुळे बातमी कुठूनही फुटलेली असू शकत होती. मुलाची थोरली बहीण बोलण्यात तरबेज होती. लग्नाची सगळी खरेदी तिच्याच हाती होती.

"चौकशी तर करावीच लागती की साहेब. कळलं कुठनंतरी."

"कुठून?"

"आता ते कसं सांगायचं? पण खोटं न्हाई. दर महिन्याला क्रीम मागवती ती."

गावातल्या कोणी डाग बघितला असता तर बातमी डागाची आली असती. दर महिन्याची ती बातमी दुकानाला किंवा वहिनीलाच माहीत. आणि साखरपुड्यातली गर्दी सोडली तर वहिनीची नि हिची कधी गाठ पडली नव्हती, फोन लावल्याचंही कॉल रेकॉर्डमध्ये नव्हतं. निघताना हवालदारबाईंनी मला कोपरानं खुणावलं. फडताळावर लग्नाच्या सामानाचं खोकं होतं, गुलाबी रंगाचं, त्याच साताऱ्याच्या दुकानाचं.

ठाण्यात परतल्यावर हवालदारबाई म्हणाल्या, "सर, एक फोन लावून बघू का?" पुरावा वगैरे डोक्यात नव्हता, नुसती चाचपणी. त्यांनी दुकानाचा नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. नणंदेच्याच गावचं नाव सांगितलं आणि म्हणाल्या, "माज्या बहिणीला डाग हाय. तुमचं क्रीम खरंच गुण देतं का वो? पैसं पाण्यात जायचं."

पलीकडची पोरगी गोड आवाजात म्हणाली, "तुमच्याच गावातल्या एक ताई आमचं क्रीम घेतात की. दर महिन्याला. पाठीला लावतात. विचारून बघा त्यांना." आणि नणंदेचं नाव आडनावासकट सांगून मोकळी झाली.

बाहेर बाकावर वहिनी बसली होती. तिला आत घेऊन सांगितलं, तेव्हा ती पहिल्यांदा रडली.

दुसऱ्या दिवशी आम्ही साताऱ्याला गेलो. औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या शेडमध्ये दुकानाचं ऑफिस होतं. मालक फौजेतून निवृत्त झालेला. सरळ माणूस. चहा मागवला, काही लपवलं नाही.

"साहेब, आपल्या भागात ओळखीशिवाय कोण काय घेतं? शहरात जाहिरात चालते. इथं बाई पहिल्यांदा विचारती, आमच्याकडचं कोण वापरतंय? म्हणून गावाचं नाव सांगितलं की आमच्या पोरींना तिथलं जुनं गिऱ्हाईक पडद्यावर दिसतं. त्यांचं नाव सांगितलं की विश्वास बसतो."

"आणि माहिती सुरक्षित आहे म्हणून लिहिलंय ते?"

"सुरक्षितच हाय की! बाहेर कुणाला विकली न्हाई साहेब. लय कंपन्या मागं लागल्या हुत्या. शपथ घेऊन सांगतो."

तो खरं बोलत होता. त्याच्या लेखी माहिती विकणं हा गुन्हा होता आणि नाव सांगणं ही ओळख काढून देणं. फोनवरची पोरगी बोलावली. विशीतली असेल. तिला मुलाच्या बहिणीचा तो फोन आठवत होता. लग्नाचं सामान घेणाऱ्या ताईंनी सहज सांगितलं होतं, की नवरी अमुक गावची आहे. पोरीला वाटलं, सासर-माहेरच्या ओळखीनं गिऱ्हाईक पक्कं होईल. तिनं त्या गावच्या ताईंचं नाव सांगितलं आणि ते नवरीचंच निघालं. त्यानं लग्न मोडलं, हे तिला आमच्याकडूनच कळलं. मालक पांढरा पडला. थोड्या वेळानं म्हणाला, "साहेब, त्या ताईंना वर्षभराचं क्रीम फुकट पाठवतो." मी त्याच्यावर असा ओरडलो, की शेडमधल्या सगळ्या पोरी उभ्या राहिल्या. आजपासून एकाही गिऱ्हाइकाचं नाव तोंडातून निघता कामा नये, असं बजावून आणि लेखी खुलासा मागून मी परतलो.

पुढचं सगळं उताराला लागलं. बाईमाणसाचा जबाब तिच्या घरी घ्यायचा असतो, म्हणून हवालदारबाईंना त्या फोनवाल्या पोरीच्या घरी पाठवलं. तिला आदल्या दिवशीच कामावरून काढलं होतं आणि तिचे आईबाप दार उघडेनात. कंपनीचा खुलासा वकिलामार्फत आला, की अशी माहिती कधीही कोणालाही दिलेली नाही. मुलाच्या बहिणीला कुठून कळलं ते आता आठवत नव्हतं. गुपित फोडल्याचं कलम लावायचं तर फोडणाऱ्याचा हेतू वाईट लागतो. तो मी कुठून आणू? माहितीच्या रक्षणाचा नवा कायदा झाल्याचं वाचलं होतं, पण अशा अर्जावर ठाण्यानं काय करायचं, हे मला कोणी सांगू शकलं नाही. आणि कोर्टात जायचंच तर नणंदेला उभं करून पाठीवरच्या डागाबद्दल चारचौघांत विचारावं लागणार होतं. एकीवरचा आळ पुसायला दुसरीचं गुपित आणखी लोकांपुढं मांडायचं. वहिनीनं त्याला साफ नकार दिला.

"कोरट नगं सायेब. माज्या मालकाला तेवडं पटवून द्या. बाकी जग गेलं खड्ड्यात."

म्हणून मी तिच्या नवऱ्याला बोलावलं. तोही सरळच माणूस होता. या प्रकरणात सगळेच सरळ होते आणि मला तेच सहन होत नव्हतं. मी सगळी हकिकत सांगितली. तो मान खाली घालून ऐकत होता.

"साहेब, तुमी सांगताय म्हंजे खोटं कसं म्हणू? पर आईला काय सांगू? ती म्हणणार, सुनंनं ठाण्यात जाऊन सायबाला आपल्या बाजूनं केलं." त्यानं खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढं धरला. "हे बघा, मी इचारल्यावर कंपनीनं लिवलंय. आमी कुणाला माहिती देत न्हाई. एवडी मोठी कंपनी लिवून देती, ती खोटं कशाला लिवंल?"

"मग तुझी बायको खोटं बोलते?"

त्यानं मोबाइल खिशात ठेवला. मग म्हणाला, "एकदा माज्या कानानं ऐकवा. मग भावकीपुढं उभा राहून सांगतो."

वहिनी दाराशी उभी होती. तिच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी जीव आला होता. हवालदारबाईंनी तोच नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि मागचंच सगळं पुन्हा सांगितलं. या खेपेला आवाज दुसऱ्या पोरीचा होता.

"माफ करा ताई, आम्ही कोणत्याही ग्राहकाचं नाव दुसऱ्याला सांगत नाही."

"आवं, पण मागं तुमीच तर सांगितलं हुतं."

"नाही ताई. तसं आमच्याकडून कधीच होत नाही."

मी बजावलेलं त्यांनी तंतोतंत पाळलं होतं. नवऱ्यानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग बायकोकडं. त्या नजरेत काय होतं ते लिहायला नको. बोलली ती वहिनी.

"बरं झालं," ती म्हणाली. "आता नणंदेचं नाव तरी कुणी घ्यायचं न्हाई."

नवरा उठला. रजा संपत आली आहे, पुढच्या रजेत बघू, असं पुटपुटला आणि निघून गेला. ती वडिलांना घेऊन स्टँडकडे गेली. मी अर्जावर 'दखलपात्र गुन्हा घडल्याचे दिसून येत नाही' असा शेरा मारला आणि तो निकाली काढला. कायद्यानं शेरा बरोबर होता.

या प्रकरणानं काय शिकवलं, असं कोणी विचारलं तर मला चांगलं काही सांगता येत नाही. खरं शोधून काढलं की पुढचं आपोआप मार्गी लागतं, अशी समजूत धरून मी उभी नोकरी केली. पण लोक खरं-खोटं बघत नाहीत, ते सांगणाऱ्याची पत बघतात. न पाहिलेल्या दुकानानं 'आम्ही सांगत नाही' असं लिहिलं, ते पटलं. घरात रोज भाकऱ्या थापणारी बाई 'मी सांगितलं नाही' म्हणाली, ते पटलं नाही. याच्यावर माझ्याकडे उपाय नव्हता. आजही नाही.

निवृत्तीनंतर एकदा कवठे महांकाळच्या स्टँडवर तिचे वडील भेटले. मी विचारलं, "पोरगी कुठं आहे?"

"हितंच, माज्याकडंच हाय की सायेब," म्हातारा म्हणाला. मग माझा हात धरून मला हॉटेलात नेलं. आपल्यासाठी तुम्ही लय धावपळ केली, असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिला आणि चहाचे पैसे काही केल्या मला देऊ दिले नाहीत.