न पुसलेला सोपा

स्वच्छतेसाठी प्राण पणाला लावणारी माणसे थोडी. आमची काकी त्यांतली एक, आणि हे तिच्या मुळीच मनात नव्हते. तिला फक्त न्हाणीची लादी पांढरी हवी होती.

काकीचे घर गोव्यात डिचोलीत, मिनेराच्या, म्हणजे खाणीतल्या खनिजाच्या, ट्रकांच्या रस्त्याला लागून. शिकायला म्हणून मी तिच्याकडे राहिलो, तेव्हा खाणी जोरात होत्या. दिवसभर ट्रक जात आणि तांबडी धूळ दारातल्या सोप्यावर, म्हणजे बसायच्या ओट्यावर, साय धरावी तशी धरे. काकी सकाळी सोपा पुसे, दुपारी पुसे, पाहुण्याची नजर पडेल म्हणून पुन्हा पुसे. "माणूस आदीं सोपो पळयता," ती म्हणे, "मागीर आमकां."

खाणवाल्यांना आमच्या आरोग्याची काळजी होती. एकदा त्यांनी देवळाच्या मंडपात सोहळा केला. पांढऱ्या पँटीतले एक साहेब निर्मळ घराचे महत्त्व तासभर सांगत राहिले. मग घरटी एक बादली मिळाली. तिच्यात फिनेल, ब्लीचिंग पावडर आणि फडके. काकीने बादली घेता घेता विचारले, "धूळ तुमची, पुसपी आमी, आनी वखदूय तुमचेंच?" साहेबांना वाटले, बाई औषधाबद्दल आभार मानते आहे. त्यांनी नमस्कार केला.

तरी फुकटची पावडर वाया घालवणे काकीच्या स्वभावात नव्हते. न्हाणीच्या लादीवर तिने नेहमीचे ॲसिड ओतले. तांबडे डाग हलेनात, तेव्हा वर ती पावडर टाकली आणि दार लावून घासायला बसली. थोड्याच वेळात ती रांगत बाहेर आली. डोळे लाल, आवाज गेलेला, श्वास शिट्टीसारखा. इस्पितळात ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आले की विषारी वायू सुटतो, फुप्फुसे जाळतो. "तुम्हांला कोणी सांगितलं नाही?"

आवाज परतल्यावर काकीने उत्तर दिले. "तासभर सांगताले. हें सोडून सगळें सांगलें."

आवाज परतला, श्वास पुरता परतला नाही. चढणीवर ती थांबे, फिनेलच्या वासाने खोकत सुटे. डॉक्टरांनी घरी स्वस्थ बसायला सांगितले होते. काकी त्याच छातीने शेजारच्या न्हाण्या तपासत हिंडू लागली. ॲसिडची बाटली एका टोकाला, पावडर दुसऱ्या टोकाला. "ह्यो दोगी जावा," ती बजावे. "सुट्यो बऱ्यो. एका न्हाणयेंत आयल्यो की तिसऱ्याचो जीव वता." कुणाकडे गेली की उंबऱ्यावरच उभी राहून हुंगे. "आदीं जनेल उघड गो. वारो येवं दी, मागीर हांव येतां." सुना नाक मुरडत, पण खिडकी उघडत.

आणि तिने सोपा पुसणे बंद केले. काकांनी एकदा फडके उचलले. "दवर तें," ती म्हणाली. "जाणें घाल्या, ताका दिसूं दी." आयुष्यभर पुसत आलेल्या बाईला दारातली धूळ बघवत नसणार, पण ज्याने ती घातली त्याला दिसावी म्हणून तिने बोटही लावले नाही.

पुढे एकदा साहेब फोटोवाल्याला घेऊन आले. पुढच्या सोहळ्यात काकीचा सत्कार करायचा होता, स्वच्छतेबद्दल.

"बसात," काकी सोप्याकडे हात करून इतक्या मायेने म्हणाली, की ते बसले.

त्यांनी शालीचा विषय काढला. काकी दम खात खात बोलली. "शाल नाका. श्वास आसा जाल्यार दियात." साहेब उठून गाडीकडे निघाले. पांढऱ्या पँटीवर मागे त्यांच्याच खाणीचा माल होता. वाड्यावरचे सगळे लोक तो गाडीपर्यंत बघत राहिले. फोटोवाल्याने फोटो काढला नाही, याचे मला अजून वाईट वाटते.

खाणी बंद पडल्या, धूळ ओसरली. काकी मात्र शेवटी छातीनेच गेली. समाचाराला साहेबही आले, आता निवृत्त. काकीच्या स्वच्छतेच्या कार्यावर ते गंभीरपणे बोलले. आम्ही त्यांना बसा म्हटले. सोपा सकाळीच धुतला होता, नुसत्या पाण्याने.

ते उभेच राहिले.