बारा ताटल्या आणि एक बंद पाकीट

लेस्टर प्रुइटला चिडायला एरवी कारण लागत नसे; त्या वर्षी कारणही मिळालं.

बावीस वर्षं त्याने व्हॉडव्हिलच्या, म्हणजे गावोगाव होणाऱ्या गाणी-नकला-कसरतींच्या कार्यक्रमांच्या, रंगमंचांवर एकच खेळ केला: झिंगलेला वेटर, हातात बारा ताटल्यांची चळत, नऊ मिनिटं घसरणं-धडपडणं, आणि एकही ताटली फुटायची नाही. टोलेडोपासून ओमाहापर्यंत प्रत्येक गावात वर्षातून एकदा, आणि लोक तेच बघायला परत येत. बोलपट आले, थिएटरं ओस पडली, तसा तो हॉलिवूडला गेला. तिथे चाळीस सिनेमांत त्याने बटलर होऊन दार उघडलं. सिनेमाच्या श्रेयनामावलीत त्याचं नाव एकदाही आलं नाही.

मग एका दिग्दर्शकाला तो ताटल्यांचा खेळ आपल्या सिनेमात हवासा वाटला. करणार मात्र नायक, डेन हॅलोरन. लेस्टरने त्याला शिकवायचं आणि नेहमीसारखं दार उघडायचं.

लेस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. व्हॉडव्हिलमध्ये दुसऱ्याचा खेळ उचलणाऱ्याच्या तोंडावर पडदेवालेसुद्धा पडदा पाडत. प्रत्येक कलाकार आपला खेळ लिहून, पाकिटाला लाख लावून कलाकारांच्या संघाच्या कचेरीत ठेवी. भांडण झालं की वरची तारीख बघायची. जुनी ज्याची, खेळ त्याचा. पाकीट उघडायची कुणाची छाती नव्हती.

लेस्टरच्या पाकिटावर १९११ साल होतं. संघ बुडाल्यापासून ते त्याच्या ट्रंकेत होतं. बायको ओपल, जी खेळात बावीस वर्षं गिऱ्हाईक होऊन बसली, तिने बजावलं, "अरे, ही माणसं आपल्यातली नाहीत. नेऊ नकोस ते." ऐकेल तर तो लेस्टर कसला. त्याने ते स्टुडिओच्या वकिलापुढे आपटलं.

वकिलाने तारखेकडे बघितलंही नाही. सुरीने लाख उडवली आणि आतली चारही पानं टाइप करायला दिली. नोकरीत असताना आणून दिलेला मजकूर स्टुडिओचा, असं करारात होतं. चोराच्या हाती किल्ल्या लेस्टरने आपण होऊन दिल्या होत्या.

चित्रीकरणात हॅलोरन तीनदा नववी ताटली सावरताना आपटला. तिथे ताटल्यांकडे नाही, गिऱ्हाइकाकडे बघायचं असतं. ते लेस्टरने कधी लिहिलंच नव्हतं, कारण समोर ओपल असायची.

"म्हातारबा, काय चुकतंय ते सांगा की याला," दिग्दर्शक म्हणाला. "नोकरी आठवड्याच्या बोलीवर आहे तुमची."

"कागदात सगळं आहे," लेस्टर म्हणाला. "तुम्हीच फोडलंत ना पाकीट? मग वाचा."

बटलरचा कोट खुर्चीवर टाकून तो चालता झाला. आपल्यावाचून हा खेळ उभा राहणार नाही, एवढीच आता त्याची आशा होती.

सिनेमा लागला तेव्हा तो ओपलला घेऊन मुद्दाम गेला. नवव्या ताटलीपाशी फिल्म कापून पुढचा तुकडा जोडलेला, आंधळ्यालाही दिसेल असा. लोक पोट धरधरून हसले.

शेजारी ओपलही हसली. मग तिने तोंडावर हात धरला, पण उशीर झाला होता.

चार दिवस तो तिच्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी त्याने ट्रंकेतून बारा ताटल्या काढल्या, धुतल्या आणि जेवणाच्या टेबलावर मांडल्या.

"आता यातच जेवू," तो म्हणाला. "फुटल्या तर फुटल्या."