जागतिक काका आणि वाडीचं गेट

जागतिक काकांना कुणी काहीही देऊ केलं की हात पुढे करण्याआधी ते विचारत, "याच्या मागं कोणतं सरकार उभं आहे?" मग तो चहा असो, की माझ्या मुलीच्या वाढदिवसाचा केक. शाळेत भूगोल शिकवून ते निवृत्त झाले होते आणि वाडीत आमच्या शेजारी राहत. त्यांचा सिद्धांत एकच. "कंपनीले देश नसते म्हणते लोकं. मंग कंपनीचं कुठं अडलं का फौज कोणाची निघते? सरकारचीच ना गा?"

सीताबर्डीच्या बाजारात फुटपाथवर मोबाइलची कव्हरं विकणाऱ्यालाही त्यांनी हाच प्रश्न केला. तो म्हणाला, "काका, आपल्या मागं तर कार्पोरेशनचे अतिक्रमणवालेच राहते." काका इतके खूश झाले की त्यांनी दोन कव्हरं घेतली. एकही त्यांच्या मोबाइलला बसलं नाही.

मी परदेशी कंपनीच्या गोदामाचा मॅनेजर. संध्याकाळी काकांचं सगळं पटायचं, सकाळी कामावर जायचो. अशात सरकारने गोदामाशेजारचा रस्ता कंपनीला भाडेपट्ट्याने दिला. आम्ही तिथे गेट लावलं आणि वस्तीला बसस्टॉपसाठी लांबचा वळसा पडू लागला. काका सतरंजी घेऊन गेटसमोर बसले. एकटेच. समोर ट्रकांची रांग.

मी चहा घेऊन गेलो. "काका, उठा ना. माझी नोकरी जाईल."

"मंग पोलिसाले बोलाव."

"तुमच्यासाठी पोलीस?"

"माझ्यासाठी काहून? कंपनीसाठी. नाही आला तं माझा सिद्धांत खोटा, मी आपला उठून जातो. आला तं तोच उठवते मले. तुहं दोन्हीकडून भलं आहे."

मी फोन केला. काकांचा चहा संपायच्या आत पोलीस हजर.

"पाह्य," काका मला म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "माह्या घरी चोरी झाली तवा हे दुसऱ्या दिवशी आले होते."

पोलीस ओशाळला. त्यानेच काकांना मोटरसायकलवरून घरी सोडलं. मागे बसून काका त्याला फौजेचं समजावत होते. त्यांची सतरंजी मी झटकून, घडी करून त्यांच्या हातात दिली होती. मदत म्हणून मला तेवढंच सुचलं.

आता काका पारशिवनीला मुलीकडे असतात. रविवारी फोन येतो. "गेट उघडलं का?"

"नाही, काका."

"म्हणजे सिद्धांत अजून बरोबर आहे," असं म्हणून ते हसतात.

परवा हसले नाहीत. म्हणाले, "लोकायले लय चालावं लागत असन. एखाद्या बारी चुकलो असतो तं बरं झालं असतं गा."