गादीवाफ्यातलं आवण

टेम्पोवाल्यानं दोनदा हॉर्न वाजवला तरी बा ओट्यावरून उठला नाही. शेवटी आईनंच त्याच्या दंडाला धरून उठवलं. "मागं बघू नको, पाय जड होतान," एवढंच ती म्हणाली. बा ड्रायव्हरजवळ न बसता मागे, कपाट आणि गाद्यांच्या मध्ये बसला. भावकीत सगळ्यांनी सह्या केल्या म्हणून शेत गोडाउनवाल्याला विकायच्या कागदावर त्यालाही करावी लागली होती, आणि घर गोडाउनच्या रस्त्यात गेलं होतं. गावी पूर्ण्यात राहिलेल्या आणि आमच्यासारख्या निघालेल्या तुम्हा सगळ्यांना हे माहीत आहे. पुढचं मात्र तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही.

शेलार गावाच्या बाजूला आम्ही रो-हाउस घेतलं. पुढे अंगण आहे, पण सगळं पेव्हर ब्लॉक ठोकलेलं. पलीकडे दिवसभर पॉवरलूमची खडखड. शेजाऱ्यांना वाटायचं, बाला ऐकू कमी येतं. ऐकू चांगलं येत होतं, त्यानं बोलणंच टाकलं होतं. अर्ध्या भाकरीवर ताटावरून उठायचा. हा माणूस बसल्या जागी संपेल, अशी मला भीती वाटायची.

म्हणून गादीवाफ्यांचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं. मी एका गोडाउनमध्ये डिस्पॅचला आहे. तिथले मोडके लाकडी पॅलेट सुपरवायझरला विचारून आणले, व्हिडिओ बघत फळ्यांचे दोन चौकोन ठोकले, ब्लॉकवर पुठ्ठे अंथरले, नर्सरीतून माती, शेणखत, कोकोपीट आणून भरलं. वांगी, मिरची, मेथी असा माझा बेत. बानं चिमूटभर माती बोटांत चोळली.

"कंची माती ही? कोनाच्या शेतातली?"

विकतची, म्हटलं. त्याला ते पटलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून उन्हं उतरली की तो वाफ्यापाशी जाऊन बसायला लागला. मी मनातून सुखावले.

मे महिन्यात मी ड्युटीवर असताना शेजारच्या चाचींचा फोन आला. "बेटा, जल्दी आ, अब्बा ने आँगन में आग लगा दी."

बानं वाफ्यांवर राब भाजला होता. भाताचं बी पेरायच्या आधी आपण त्या जागेवर शेण, टहाळा, पालापाचोळा रचून जाळतो, तसाच. मातीबरोबर माझ्या फळ्याही पेटल्या. मी पोचले तेव्हा चाची बादल्या ओतत होत्या आणि बा त्यांचा हात धरत होता.

"राब न्हाय भाजला त आवण उठंल कसा?" तो मलाच विचारत होता, गावची रीत मी विसरले असल्यासारखा.

सोसायटीवाल्यांनी मला नको नको ते ऐकवलं. मी ऐकून घेतलं, जळक्या फळ्यांच्या जागी विटा लावल्या आणि वाफे त्याच्या हवाली केले. माझी मेथी पेरायची राहिलीच. गावाहून येताना त्यानं भाताचं बियाणं आणलं होतं हे तेव्हा कळलं. पाऊस पडला, भाताच्या रोपांचं आवण उठलं, दाट, हिरवंगार. खरं सांगते, इतकी चांगली रोपं मी गावातही क्वचित पाहिली. बा पूर्ण भाकरी खायला लागला. चिमण्यांना हाकलायचा, चाचींना हिंदीत भाताच्या जाती समजवायचा. आम्हाला वाटलं, लागला हा इथं.

मग एका सकाळी त्यानं सगळं आवण उपटलं. मुळं धुतली, जुड्या बांधल्या, टोपलीत नीट रचल्या, लावणीला निघाल्यासारखी टोपली डोक्यावर घेतली आणि आईला हाक मारली, "चल, आवनीला उशीर होतं."

आई दारातच उभी राहिली. बा गेटपर्यंत गेला. रस्त्यावर कंटेनरची रांग लागली होती. त्यानं डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि तिथेच थांबला. मग मागे न वळताच त्यानं विचारलं, "लावाची कुठं?"

आईनं पुढे होऊन टोपली उतरवली. जुड्या अंगणात पडून पिवळ्या पडल्या. कुणाला टाकवेनात. बा पुन्हा खुर्चीत जाऊन बसला, तो अजून तसाच आहे. वाफे रिकामे आहेत आणि मीही त्यात काही लावलेलं नाही.

घर कुठं, असं कुणी विचारलं तर मी शेलार सांगते, आधार कार्डावरही तेच आहे. पण त्या जुड्या जिथे न्यायच्या होत्या, ते आमचं घर. तिथे आत जायला आता गेटपास लागतो, आणि बाच्या नावाचा कुणी काढून देत नाही.