मी विमानात होतो, मग आबांना पाणी कुणी पाजलं?

आधीच सांगतो, भुतंखेतं, चकवा, अंगात येणं... असल्या गप्पा मारणाऱ्याला मी आजही दारातनं हाकलतो. त्यामुळं हे लिहिताना माझाच मला राग येतोय.

पंच्याण्णव-शहाण्णव सालची गोष्ट. आमचं गाव आटपाडीच्या बाजूला. आमच्याकडची माणसं सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेली, मी कलकत्त्यात होतो. घरून फोन आला – आबांचं काही खरं नाही, नीघ. जन्मात पहिल्यांदा विमानाचं तिकीट काढलं. त्याच दिवशी दुकानात उजव्या हातावर ॲसिड सांडलं होतं, अख्ख्या पंजाला पट्टी. गावात हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

आता हिशेब बघा. कलकत्ता ते मुंबई विमानानं अडीच तास. पुढं टॅक्सीनं पुणे, सातारा, उंब्रज, कराड, विटा... सगळा दिवस त्यात गेला. दिवेलागणीला घरापुढं उतरलो तर अंगणात माणसं बसलेली, आबांना बाहेर आणून ठेवलेलं. मला रडूही न देता माझे चुलते, तात्या, अंगावर आले.

"बापाला पाणी पाजून कुटं उंडगत गेलतास रं? सकाळपास्नं तुझी वाट बगत बसलोय आमी."

"आवं तात्या, मी आत्ता येतुया."

"आन डाव्या हातानं पाजतंय व्हय कुणी? हाताला पट्टी हाय तर दुसऱ्याला सांगायचं."

मी पट्टीकडं बघत राहिलो. आई म्हणाली, "तू आलास तवा त्येंनी डोळं उघडलं. तुज्या कानात कायतरी बोललं, मग गेलं." हे केव्हा, तर सकाळी न्याहारीच्या वक्ताला. त्या वेळी मी विमानात डाव्या हातात चहाचा कप धरून बसलो होतो!

बरं, एवढ्या माणसांत एकालाही शंका येऊ नये? तर म्हणे, इमानानं आला म्हणून लवकर पोचला असंल. अरे, विमान काय आपल्या माळावर उतरतं? तिकीट दाखवलं, टॅक्सीवाल्याला सगळ्यांपुढं उभा केला. तात्या म्हणाले, "दुखानं डोकं फिरलंय पोराचं, जाऊ द्या." झालं. गावात आजही मी बापाला डाव्या हातानं पाणी पाजून पळालेला पोरगा आहे.

तेही एक वेळ सोसलं असतं. पण आई शेवटपर्यंत विचारायची, "काय म्हणलं रं त्ये कानात?" मला माहीत नाही म्हटलं की तोंड फिरवून बसायची. "आईपास्नं बी लपवतुयास व्हय?"

तो कोण होता, मला अजून कळलेलं नाही, आणि कुणी कळवायलाही येऊ नये. माझ्या जागी बसलास, पाणी पाजलंस, ठीक आहे बाबा, आबा तहानलेले गेले नाहीत. पण ते जे बोलले ते माझ्यासाठी होतं. तेवढं तरी मला सांगून जायचं होतंस.