हरला तो उठला

गेवराईत बसस्टँडच्या मागच्या गल्लीत मोबाईल दुरुस्तीची चार दुकानं आहेत. तीन दुकानांत मोबाईल दुरुस्त होतात. चौथं संजयचं. तिथं मोबाईल दुरुस्त होतातच, पण लोक टेकतात ते काउंटरवरच्या लाकडी खोक्यापायी. खोक्याला एक काळा दांडा, दांड्याच्या टोकाला लाल गोटी, शेजारी सहा बटणं आणि मागून निघालेली वायर थेट मोबाईलमध्ये. डोक्यावरचे केस मागं सरकलेला संजय एकदा तो दांडा धरून बसला की दारातल्या गिऱ्हाइकाला 'या' म्हणायचंही त्याला सुधरत नाही.

तो दांडा बबनरावांच्या पार्लरातला. संजय शाळेत होता तेव्हा याच गल्लीत बबनरावांचं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. पत्र्याची खोली आणि आत तीन मशिनी. पोरांचा जीव अडकायचा तो एकाच गेममध्ये, दोघांच्या मारामारीच्या. बबनराव माणूस तिरसट, पण कायद्याचा पक्का. जिंकला तो बसला, हरला तो उठला. पुढच्यानं मशिनीवर रुपया ठेवून नंबर लावायचा. आणि जिंकणाऱ्यानं हरलेल्याला स्वतःच्या तोंडानं म्हणायचं, "उठ बे!" तसं म्हटल्याशिवाय डाव संपला असं बबनराव धरतच नसत.

ऐकायला हे पोरखेळ वाटतं. पण संजयचे वडील आश्रुबा कापसाच्या जिनिंगवर हमाल, घर भीमनगरात. आणि त्याच्या जोडीला बसणारा अमरसिंह मोठ्या जमीनदाराचा एकुलता एक. गावातल्या लग्नात या दोघांच्या घरच्यांच्या पंगती वेगळ्या पडायच्या. त्या पत्र्याच्या खोलीत मात्र संजयनं अमरसिंहला कैक वेळा "उठ बे" म्हटलं, अमरसिंहनंही त्याला म्हटलं, आणि ज्याची पाळी तो निमूट उठला. "बरोबरी म्हंजी काय ते मला तिथं कळलं," संजय सांगतो, आणि उगाच स्क्रू ड्रायव्हर पुसायला लागतो.

पुढं पार्लर बसलं. मशिनी भंगारात गेल्या, तेव्हा संजयनं भंगारवाल्याच्या हातापाया पडून एक दांडा नि बटणं सोडवून आणली आणि बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवली. मग ते जुने गेम मोबाईलवर आले. सगळ्या जगानं काचेवर बोटं घासून ते खेळून पाहिले. संजयला ते पटेना. "ही चित्रातली भाकरी हाय. दिसती लई झ्याक, पर पोट भरत न्हाई," म्हणाला, आणि दांडा मोबाईलला जोडायच्या मागं लागला. पहिल्या खेपेला दांडा डावीकडं ओढला की स्क्रीनवरचा गडी उजवीकडं पळे. दुसऱ्या खेपेला फोनच तापून बंद पडला, आणि तो होता ज्योत्स्नाचा, म्हणजे बायकोचा. त्या दिवशी त्याला भाकरीबरोबर फक्त चटणी मिळाली. पण गड्यानं नाद सोडला नाही, आणि एक दिवस दांडा चालला. समोर दुसरा गडी बसवायला त्यानं एक बिनवायरचा तयार कंट्रोलरही आणला. माणसानं हट्ट करावा तर असा, हे मी त्याच्या तोंडावरही म्हटलेलं आहे.

खोक्याबरोबर बबनरावांचा कायदाही दुकानात आला. मास्तर असो की टेम्पोवाला, रुपया काउंटरवर, आणि हरला की "उठ बे". कुणी रुसलं नाही.

एकच अडचण होती. हा गाळा अमरसिंहच्या मालकीचा. अमरसिंह आता मोठा पुढारी. पुढंमागं गाड्या, आणि त्याला नुसत्या नावानं हाक मारणारं कुणी उरलेलं नाही. तीन गाळे एक करून मोबाईलच्या शोरूमला द्यायचं त्यानं मनावर घेतलं आणि दिवाळीपर्यंत जागा सोडायचा निरोप धाडला. दुकान गेलं असतं तर संजयकडं दुसरं काही नव्हतं. ज्योत्स्नानं त्याला बंगल्यावर पाठवलं. तो दोनदा जाऊन ओट्यावर बसून परत आला. भेट झाली नाही.

आणि एका दुपारी अमरसिंहच आपल्या माणसांसह गाळे बघायला आला. काउंटरजवळ येऊन थबकला.

"बबनरावाचा दांडा का बे हा?"

"हाय साहेब."

"लाव मग."

संजयनं मुद्दाम जुना दांडा त्याच्यापुढं सरकवला. अमरसिंहला दांड्याशिवाय जमणार नाही हे त्याला ठाऊक होतं. स्वतः छोटा कंट्रोलर घेतला. तेवढ्यात अमरसिंहचा खास माणूस बिभीषण कानाशी लागला, "संजूभाऊ, शाना हो. साहेबाला जिंकू दे. गाळा वाचंल."

संजयचं बोट जड झालं. हरायला असं काय लागतं? एक बटण जरा उशिरा दाबायचं. डाव सुरू झाला आणि तो मार खाऊ लागला. अमरसिंहची माणसं वाहवा करायला लागली. तेवढ्यात अमरसिंहनं दातात जीभ धरली. संजय मनात हसला. लहानपणापासूनची खोड ती. जिंकायला आला की हा जीभ धरणार आणि उडी मारणार. आज मुद्दाम हरलो, तर पत्र्याच्या खोलीतले ते सगळे डावही खोटे पडतील, असं त्याला वाटलं. अमरसिंहच्या गड्यानं उडी मारली. संजयनं खालून ठोसा हाणला. डाव संपला.

 बिभीषणनं कपाळाला हात लावला. आता ते दोन शब्द म्हणायचे होते. संजयनं कंट्रोलर खाली ठेवला.

"उठ बे," तो म्हणाला.

बिभीषण पुढं सरकला. "ए, कुणाला बोलतो..."

"गप ऱ्हा," अमरसिंह म्हणाला आणि उठला. खिसे चाचपले. पुढाऱ्याच्या खिशात सुट्टे कुठले असायला! "बिभीषण, रुपया दे." त्यानं तो काउंटरवर ठेवला. "पुढचा नंबर माझा."

दुसरा डावही तो हरला. या वेळी "उठ बे" संजयच्या तोंडून सहज निघालं, आणि अमरसिंह इतका मोकळा हसला की त्याच्या माणसांना हसावं की नाही ते कळेना.

"तू मुद्दाम हरला असता तर मला लगेच कळलं असतं," तो म्हणाला. "हल्ली समदे मुद्दाम हरतात, बे. पत्त्यात बी अन् गप्पात बी." मग बिभीषणकडं वळला. "शोरूमवाल्याला सांग, दुसरी जागा बघ म्हनावं. हा गाळा गेल्यावर मी खेळू कुठं?"

जाताना त्यानं बिभीषणकडून आणखी एक रुपया घेतला आणि खोक्यावर ठेवून गेला.

त्याला आता बरेच दिवस झाले. अमरसिंहला सवड झालेली नाही. परवा एक गिऱ्हाईक सुट्ट्यासाठी अडलं, त्यानं तो रुपया उचलायला हात घातला. संजयनं त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या," म्हणाला, "नंबर हाय त्यावर."