मेल नको, व्हॉट्सॲप कर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट ठाऊक नाही.

रोह्याच्या एका केमिकल कंपनीत मी मेंटेनन्सचा प्रमुख होतो. अजूनही आहे — हेच आधी सांगायला हवं. संध्या माझ्या हाताखाली, पेणहून यायची. बारीकसारीक गोष्टसुद्धा ती ईमेलने कळवायची. मला ते खुपायचं. मेलची प्रत मुंबईच्या ऑफिसात जाते, तिथले साहेब जाब विचारतात. व्हॉट्सॲपवर कसं — अंगठा टाकला की झालं. आमच्यातले मेसेज आठवड्याने आपोआप पुसले जातील, असंही मी करून ठेवलं होतं. कशासाठी? फोन हलका राहावा म्हणून, असं सांगायचो.

एका सकाळी ती केबिनमध्ये आली.

"सर, ॲसिडच्या पंपाचं सील गळतंय. मेल टाकते."

"मेल नको गो. ऑडिट तोंडावर आलंय. मला व्हॉट्सॲप कर, मी बघतो."

ती दारात घुटमळली. "बघाल ना नक्की?"

"व्हय गो."

तिने फोटोसकट मेसेज पाठवला. मी अंगठा टाकला. आणि — विसरलो, असं म्हणणं किती सोपं आहे! विसरलो नव्हतो. ऑडिट होऊ दे, मग पंप बंद करू, असं ठरवलं होतं.

ऑडिट झकास झालं. साहेबांनी पाठ थोपटली. दुसऱ्या दिवशी सील फुटलं. निडी गावचा विलास, आमचा ऑपरेटर, पंपाशेजारीच उभा होता. त्याचे दोन्ही डोळे गेले.

चौकशी बसली तोवर तो मेसेज पुसला गेला होता. दोघांच्याही फोनमधून. साहेबांनी विचारलं, लेखी काय आहे? संध्या म्हणाली, "सरांना व्हॉट्सॲप केला होता." सगळे माझ्याकडे वळले.

"मला असला काही मेसेज आला नाय," मी म्हणालो. आवाज जरासुद्धा कापला नाही. तो कापला असता तर?

ती भांडेल असं वाटलं होतं. तिने इतकंच विचारलं, "खरंच नाय आला, सर?"

मी पाण्याचा ग्लास उचलला.

तिला काढून टाकलं. विलासचे डोळे हिच्या हलगर्जीपणाने गेले, असं कंपनीत सगळे म्हणत. मी ऐकायचो. मान हलवायचो.

गेल्या वर्षी गणपतीची मूर्ती सांगायला पेणला गेलो. एका कारखान्यात ओळीने बसलेल्या बायकांत ती दिसली, पितांबर रंगवत होती. परत फिरावं म्हटलं — पण तिने पाहिलं होतं. ब्रश खाली ठेवून ती उठली. शिव्या देईल? दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सर, विलासकडं जाता ना कधीमधी? मला त्याच्या घरचे दारात उभं करत नाय."

"जातो ना," मी म्हणालो.

"बरं झालं," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

मी एकदाही गेलेलो नाही.